गावाचा वाढदिवस, मुठीत मावणारा : अमेरिकन शतकोत्सवी ब्राँझ पदकं जमवायची कशी

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर वाणसामान घ्यायला जाणाऱ्या मराठी माणसाला आपण एडिसनमधून वुडब्रिजच्या हद्दीत कधी शिरलो ते कळतही नाही. दुकानं तीच, वडापाव तोच. पण वुडब्रिजला १६६९ साली सनद मिळाली आणि शेजारचं एडिसन १८७० मध्ये रॅरिटन टाउनशिप या नावाने स्थापन झालं, १९५४ मध्ये त्याचं नाव बदललं, एवढं ठाऊक असलं तरी जुन्या बाजारातल्या खोक्यात हात घालताना तुम्ही दोन पावलं पुढे असता. कारण १६६९ म्हणजे १९६९ ला तीनशे वर्षं आणि १८७० म्हणजे १९७० ला शंभर. अमेरिकन गावाला असा आकडा सापडला की ते मिरवणूक काढतं, पुस्तिका छापतं आणि पुष्कळदा एक पदकही पाडून घेतं.

या पदकांवर मोठ्या संग्राहकांची फारशी नजर नसते. एका पदकाला पाच ते वीस डॉलर पुरतात, मात्र खरेदी करताना डोकं चालवावं लागतं. गेली काही वर्षं मी तेच करतो आहे. काय शिकलो आणि कशात फसलो, ते पुढे लिहितो.

ही पदकं आली कुठून

फार मागे न जाता १९०९ पासून सुरुवात करू. दर्यावर्दी हेन्री हडसनच्या १६०९ च्या सफरीला तीनशे वर्षं आणि फुल्टनच्या १८०७ च्या वाफेच्या बोटीला शंभर, असे दोन सोहळे न्यूयॉर्कने एकत्र उरकले. फुल्टनचं शतक खरं तर दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं, पण उत्सवासाठी एवढं पुढेमागे चालतं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाणी-पदकांच्या अभ्याससंस्थेच्या पुढाकाराने एमिल फुक्स या शिल्पकाराने त्याचं पदक घडवलं आणि नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने ते पाडलं. वेगवेगळ्या आकारांत, वेगवेगळ्या धातूंत. आजही ते सहज मिळतं आणि नवख्याने पहिलं घ्यावं असं आहे.

नंतर गावांना नाण्यांचा मोह पडला. अमेरिकी काँग्रेसकडून कायदा करून घ्यायचा, टांकसाळीतून चांदीची अर्ध्या डॉलरची स्मारक नाणी पाडून घ्यायची आणि जास्त किमतीला विकायची. १९३५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नावाच्या छोट्या शहराच्या दीडशे वर्षांसाठी जेमतेम दहा हजार नाणी निघाली. बरीचशी घाऊक उचलली गेली आणि सामान्य संग्राहक हात चोळत बसले. १९३६ मध्ये तर अशा नाण्यांचा पूर आला. ऑल्बनी, ब्रिजपोर्ट, एल्गिन, लिंचबर्ग, जो तो रांगेत. लोक वैतागले, काँग्रेसने हात आखडता घेतला, आणि १९५४ नंतर १९८२ पर्यंत असं एकही स्मारक नाणं निघालं नाही.

नेमक्या याच काळात मध्यपश्चिमेतल्या गावांची शंभरी भरत आली होती. इलिनॉय, आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का इथली असंख्य गावं रेल्वेच्या रुळांबरोबर १८५० ते १८८० च्या दरम्यान वसली. नाणं मिळणार नाही, मग पदक पाडा! त्यात १९७६ चं राष्ट्रीय द्विशताब्दी वर्ष आलं आणि प्रत्येक राज्याने, परगण्याने, कधी कधी अग्निशमन दलानेही आपापलं पदक काढलं. म्हणून आपल्या हाती येणारा बहुतेक माल १९५० ते १९८० मधला असतो.

आधी कुंपण घाला

पहिल्या वर्षी मी दिसेल ते घेत गेलो. साठेक पदकं झाली आणि लक्षात आलं की आपल्याकडे संग्रह नाही, नुसता ढीग आहे. ओहायोतल्या एका गावाचं पदक, शेजारी टेक्सासचं, पलीकडे कुठल्या तरी बँकेचं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, त्यामुळे एकातून दुसरं कळतही नाही.

माझं ठाम मत असं की गाव किंवा परगणा धरावा, धातू धरू नये. तुम्ही राहता तो परगणा घ्या. भारतात राहत असाल तर भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी जिथे राहतात ते शहर घ्या. नेवार्क घेतलं तर ते १६६६ चं, म्हणजे १९१६, १९६६ आणि २०१६ या तीन सालांभोवती शोध घ्यायचा. एकाच गावाने पन्नास-पन्नास वर्षांनी स्वतःबद्दल काय सांगितलं, कोणाला पुढे आणलं, कोणाला गाळलं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात खरी मजा आहे. एखाद्या जुन्या पदकावर फक्त संस्थापक हात उंचावून उभा असतो आणि मूळ रहिवासी कोपऱ्यात गुडघ्यावर. नंतरच्या पदकावर कारखाना, पूल, शाळा येतात. पदकं पाडणाऱ्या समितीने हे सहज केलेलं नसतं.

गाव नकोच असेल तर एक शिल्पकार, एक पदकनिर्माता किंवा एक विषय धरा: कालवे, रेल्वे, कोळशाच्या खाणी. फक्त कुंपण हवं.

सालांचं गणित

शोधताना गावाच्या नावापेक्षा साल जास्त उपयोगी पडतं, आणि गावाला साल एकच असतं असं नाही. शिकागो घ्या. १८३३ मध्ये ते ‘टाउन’ झालं, १८३७ मध्ये ‘सिटी’. त्यामुळे १९३३ लाही शतक आणि १९३७ लाही शतक. पहिल्या वर्षी सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस हे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलं, दुसऱ्या वर्षी सनदेचा उत्सव. बॉस्टन वसलं १६३० ला, शहराचा दर्जा मिळाला १८२२ ला. ओक्लाहोमा सिटीचं गणित सर्वांत सोपं. २२ एप्रिल १८८९ ला भरदुपारी सरकारने खुल्या केलेल्या जमिनीसाठी धावाधाव झाली आणि संध्याकाळपर्यंत शहर वसलं, म्हणून १९३९ आणि १९८९.

तेव्हा कागदावर तीन सालं लिहा: वस्ती कधी झाली, सनद कधी मिळाली, नगरपालिका कधी झाली. प्रत्येकात ५०, १००, १२५, १५०, २००, २५०, ३०० मिळवा. या आकड्यांची इंग्रजी नावं जिभेची परीक्षा पाहणारी आहेत. शंभर म्हणजे सेंटेनियल, सव्वाशे क्वास्क्विसेंटेनियल, दीडशे सेस्क्विसेंटेनियल, दोनशे बायसेंटेनियल, अडीचशे सेमीक्विनसेंटेनियल, तीनशे टर्सेंटेनरी. ईबेवर शोधताना गावाच्या नावापुढे हे शब्द जोडा आणि मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनेही शोधा. विक्रेत्याची जीभ जिथे अडखळली तिथे त्याचं टंकलेखनही अडखळलेलं असतं, आणि अशा नोंदी इतर ग्राहकांना दिसत नाहीत. मला दोन चांगली पदकं अशीच मिळाली.

ब्राँझ म्हणजे नेमकं काय

शाळेत शिकलो ते तांबं आणि कथील. या पदकांत मात्र बऱ्याचदा ९० टक्के तांबं आणि १० टक्के जस्त असतं. आपल्या हिशेबाने ते पितळेच्या घराण्यातलं, पण अमेरिकेत धंद्यात त्यालाही ब्राँझच म्हणतात. त्यावर वाद घालू नका.

घडवण्याची रीत जाणून घेतली की पुढच्या चुका टळतात. शिल्पकार आधी पदकाच्या कितीतरी पट मोठा मातीचा किंवा प्लास्टरचा नमुना करतो. त्यावरून जानव्हिए नावाचं फ्रेंच यंत्र एका टोकाने उंचसखलपणा चाचपत जातं आणि दुसऱ्या टोकाने पोलादी ठसा लहान आकारात कोरत जातं. मेडॅलिक आर्ट कंपनी या पदकं पाडणाऱ्या कंपनीच्या वाइल बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये याच यंत्रावर बस्तान बसवलं. उठाव खोल असेल तर तो एका दाबात उमटत नाही. एकदा दाबायचं, भट्टीत तापवून धातू मऊ करायचा, पुन्हा दाबायचं. शेवटी रसायनाने पदक काळपट तपकिरी करतात, उंच भाग हलके घासून उजळतात आणि वर लाखेसारखा पातळ थर देतात. थोडक्यात, तो तपकिरी रंग मळ नाही. तो मुद्दाम चढवलेला साज आहे.

हे मला वेळेवर माहीत होतं, पण आईला सांगायचं राहिलं. ती पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी आली होती. एका रविवारी उठून पाहतो तर सिंकमध्ये समई, निरांजन, ताम्हन आणि माझं एक पदक, सगळं चिंच-मीठ लावून रांगेत. “किती रे काळं पडू दिलंस, जरा घासायचं ना!” पदक नव्या तांब्यासारखं गुलाबी लखलखत होतं आणि संग्राहकाच्या दृष्टीने संपलं होतं. ते आता देवघरात ताम्हनाच्या शेजारी असतं आणि महिन्यातून एकदा घासलंही जातं.

कड वाचा

नवखा माणूस पदकाच्या दोन बाजू बघतो. जाणकार आधी कड फिरवून बघतो. निर्मात्याचं नाव, गाव, धातू, कधी अनुक्रमांक हे सगळं तिथे बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. दहापट दाखवणारं भिंग आणि तिरपा उजेड पुरतो.

कडेवरून वयही कळतं. मेडॅलिक आर्ट कंपनी १९७२ मध्ये न्यूयॉर्कहून कनेटिकटमधल्या डॅनबरीला गेली. त्यामुळे कडेवर डॅनबरी असलेलं पदक त्याआधी पाडलेलं असू शकत नाही, दर्शनी भागावर साल काहीही असो. ती नंतरची आवृत्ती. वाईट नव्हे, पण किंमत वेगळी. व्हाइटहेड अँड होग १८९२ मध्ये नेवार्कला सुरू झाली आणि १९५९ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली, म्हणून तिचा छाप दिसला की १९५९ ही साधारण वरची मर्यादा धरता येते. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरोची रॉबिन्स कंपनी आणि फिलाडेल्फियाचे ऑगस्ट फ्रँक ही आणखी दोन नावं वारंवार भेटतील.

कड कोरी असेल तर वजनावर या. सोनाराकडे असतो तसा खिशातला डिजिटल काटा आणि एक व्हर्नियर घ्या. ३८ मिलिमीटर व्यासाचं, सरासरी ३ मिलिमीटर जाडीचं ब्राँझ पदक साधारण ३० ग्रॅम भरतं. तेवढंच पदक जस्ताच्या मिश्रधातूवर ब्राँझचा मुलामा दिलेलं असेल तर २३ ग्रॅमच्या आसपास. मोठ्या, म्हणजे ६३ मिलिमीटरच्या पदकात हा फरक हातातच जाणवतो. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, विषय संपला.

ओतीव नकला क्वचित भेटतात, कारण वीस डॉलरच्या वस्तूची नक्कल कोण करणार? पण नामवंत शिल्पकारांच्या पदकांच्या होतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, कडेवर कानस फिरवल्याच्या खुणा आणि व्यास मूळ पदकाहून किंचित कमी. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून हे शेवटचं लक्षण सहसा चुकत नाही.

खरेदी

ईबेवर सगळं मिळतं, पण मला इस्टेट सेल आवडतो. म्हातारं माणूस गेलं की घरातली प्रत्येक वस्तू दोन दिवसांत विकायला काढतात. पदकं सहसा दागिन्यांच्या टेबलावर नसतात. ती स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, शिवणाच्या डब्यात, तळघरातल्या खिळ्यांच्या बरण्यांत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं की भाव निम्म्यावर. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. तिथे भाव चढे असले तरी एका दिवसात शेकडो पदकं हाताळायला मिळतात आणि डोळा तयार होतो.

ऑनलाइन घेताना तीन गोष्टी मागाच: कडेचा फोटो, ग्रॅममध्ये वजन, आणि झगझगीत उजेडाशिवाय काढलेला फोटो. वर्णनात ‘ब्राँझ’ लिहिलंय यावर जाऊ नका. तो शब्द पुष्कळदा नुसता रंगासाठी वापरतात. ‘दुर्मीळ’ या शब्दाकडे तर बघूच नका. मी एकदा एका विक्रेत्याकडून ‘अतिदुर्मीळ’ पदक पंचाहत्तर डॉलरला घेतलं. त्याच आठवड्यात त्याच्याच दुकानात तेच पदक पुन्हा विकायला लागलं, वर्णन शब्दशः तेच.

चांदीच्या जोडपदकाचा मोह बहुतेकांना होतो. एकाच उत्सवाची चांदीची मोजकी, क्रमांक टाकलेली आणि ब्राँझची भरपूर, अशी पद्धत होती. पण जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरजवळ पोहोचली तेव्हा असंख्य चांदीची पदकं भट्टीत गेली. ब्राँझ वितळवण्यात कोणाला रस नव्हता, म्हणून ते उरलं.

भारतातून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एकेक पदक मागवलं तर टपालखर्च पदकाच्या वर जातो. अमेरिकेतल्या नातलगाच्या पत्त्यावर वर्षभर साठवा आणि येणाऱ्या माणसाबरोबर आणा. सीमाशुल्काचे नियम त्या वेळचे तपासून घ्या.

पदकाच्या आजूबाजूचं

पदकासोबत मिळणारी फुटकळ वस्तू फेकू नका. १९५०-६० च्या दशकांत शतकोत्सव आला की गावातल्या पुरुषांनी दाढी वाढवायची असा दंडक असे. ‘ब्रदर्स ऑफ द ब्रश’ असा गट निघायचा, आणि ज्याला दाढी नको त्याने पैसे भरून ‘दाढी करण्याचा परवाना’ म्हणून बिल्ला विकत घ्यायचा! गावच्या दुकानांत ठरलेल्या तारखेपर्यंत पन्नास सेंट म्हणून चालणारी टोकनं निघत. लाकडी निकेल, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याच्या लाकडी नकला, निघत. तो प्रकार मंदीच्या काळात वॉशिंग्टन राज्यातल्या टेनिनो गावी बँक बुडाल्यावर काढलेल्या लाकडी चलनावरून लोकप्रिय झाला. हे सगळं पदकाबरोबर एका पाकिटात ठेवलं की त्या आठवड्याचा गाव डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि डबी! न्यूयॉर्क राज्यातल्या एरी कालव्याच्या उद्घाटनाचं १८२६ चं पदक ज्या लाकडी डबीत द्यायचे, ती डबी ‘सेनेका चीफ’ या पहिल्या बोटीने आणलेल्या लाकडाची होती. डबीशिवाय त्या पदकाची निम्मी गोष्ट हरवते.

उत्सवाची छापील पुस्तिका मात्र वेगळी शोधून काढाच. पदक किती पाडलं, कितीला विकलं, चित्र कोणी काढलं हे बहुधा फक्त तिथेच सापडतं. पुस्तिका नाही मिळाली तर गावच्या सार्वजनिक वाचनालयाला ईमेल करा. अमेरिकन ग्रंथपालांइतकी मदत मला कुठल्याच कचेरीत मिळालेली नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’वर जुनी वर्तमानपत्रं फुकट आहेत, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं ‘न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल’ तर नाणी-पदकांच्या जुन्या नियतकालिकांचं कोठारच आहे. मेडॅलिक आर्ट कंपनीचा दप्तरखाना २०१८ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने विकत घेतला.

सांभाळणं

घासू नका, हे वर झालंच. धूळ मऊ ब्रशने झटका, पदक कडेने धरा. बोटांचा घाम काही महिन्यांनी ठशासारखा उमटतो आणि मग जात नाही.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांतून काही वर्षांनी हिरवट चिकट द्रव सुटतो. तसलं पाकीट असेल तर आजच बदला. चिकटपणा शुद्ध ॲसिटोनने जातो, पण वर लाखेचा थर असेल तर तोही त्याबरोबर जातो. तेव्हा आधी कडेवर एका ठिपक्यापुरतं करून पाहा आणि खिडकी उघडी ठेवा. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि ओकच्या लाकडाचे ड्रॉवर टाळा. तिन्हींतून धातूला खाणारं काहीतरी बाहेर पडतं. जुन्या डब्यांतला फोमसुद्धा भुगा होऊन पदकाला चिकटतो.

सर्वांत जास्त जपायचं ते ब्राँझच्या रोगाला. फिकट हिरवी, पिठासारखी पूड पदकावर ठिपक्यांनी दिसू लागली की समजा धातूत शिरलेले क्लोराइड आणि हवेतली ओल मिळून आतून पोखरत आहेत. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर वेगळा, तो निरुपद्रवी असतो. टाचणीने खरवडल्यावर पूड निघते ती वाईट. असं पदक लगेच वेगळं काढा, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पाणी रोज बदलत राहा, पूर्ण सुकवा आणि काही महिने नजरेखाली ठेवा. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हा धोका खरा आहे. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा मापक एवढं करा. काटा ४० टक्क्यांच्या खाली राहिला तर निश्चिंत झोपा. जेलचे खडे जुलैत दोनदा तरी ओव्हनमध्ये सुकवावे लागतात.

नोंद

प्रत्येक पदकाखाली एक चिठ्ठी ठेवतो: व्यास, वजन, कडेवरचा मजकूर, कुठे मिळालं, कधी, कितीला, आणि विकणाऱ्याने काही सांगितलं असेल तर ते. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. एका इस्टेट सेलमध्ये बाईंनी सांगितलं होतं की त्यांचे वडील शतकोत्सवात बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे आणि हे पदक त्यांच्या गणवेशाच्या खिशात सापडलं. ही माहिती कुठल्याही सूचीत येणार नाही. चिठ्ठी पेन्सिलीने, आम्लरहित कागदावर लिहा.

सध्या आणखी एक सोपी संधी आहे. २०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं अडीचशेवं वर्ष. आपल्या टाउन हॉलमध्ये जाऊन पदक निघालंय का विचारा आणि असेल तर दोन घ्या, पावतीसकट.

दुबार झालेली पदकं मी विकत नाही, त्या त्या गावच्या ऐतिहासिक संस्थेला पाठवतो. पाठवण्याआधी मात्र फोन करावा. एका गावाला मी मोठ्या कौतुकाने पदक पाठवलं, तर उत्तरादाखल आभाराचं पत्र आणि सोबत त्याच पदकाच्या आणखी तीन प्रती आल्या. त्यांच्याकडे तळघरात अख्खं खोकं पडून होतं.